टाळलेली कुस्ती

"टाळतोय त्यो त्याला!"

सीमाभागातल्या कुस्तीच्या मैदानावर हे वाक्य दर हंगामात ऐकू येतं. कोण टाळतोय आणि कुणाला टाळतोय, ती नावं दोन-चार वर्षांनी बदलतात. वाक्य मात्र तेच राहतं. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, इकडे कागल, गडहिंग्लज, कुठल्याही चहाच्या गाड्यावर पैलवानांचा विषय निघू द्या, दहा मिनिटांत गाडी इथं येऊन थांबते. एकजण सांगतो, "कमिटीनं वाढवून पैसे दिले तरी आला नाही." दुसरा म्हणतो, "येईल कशाला? एवढी मोठी गदा खांद्यावर, ती काय जत्रेत घालवायची?" तिसरा पैलवानाच्या गावचा किंवा तालमीचा असतो. तो उसळून म्हणतो, "आमचा भ्याला व्हय? तुमच्याच वस्तादाला विचारा, कुणी नको म्हटलं ते!" मग चहा थंड होतो आणि वाद तापतो.

आमच्या गोव्यात तालमींची अशी परंपरा नाही. आमच्याकडे धिरयो. न्यायालयाची बंदी असूनही चोरून होणारी आणि लोकांच्या बोलण्यातून न गेलेली. पण बिचाऱ्या पाड्याला प्रतिस्पर्धी निवडता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर टाळाटाळीचा आरोपही होत नाही. माझं आजोळ निपाणीच्या बाजूचं. त्यामुळे लहानपणापासून चोर्ला घाट चढून तिकडे जाणं झालं आणि कुस्तीचा हा कधीच निकाली न निघणारा वाद ऐकत आलो. आज त्याच्यावर माझं मत मांडायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कुस्त्या टाळल्या जातात, यात शंका नाही. पण आपण ज्या दोन मोठ्या नावांवरून भांडतो, त्यांची कुस्ती आज ना उद्या लागतेच. खरा टाळला जातो तो तिसराच, ज्याचं नाव हॅण्डबिलावर नसतं आणि आपल्या वादातही नसतं. आणि त्याला टाळण्यात पैलवानाइतकेच आपण प्रेक्षकही सामील असतो.

आधी कुस्ती ठरते कशी ते पाहू. जत्रेची तारीख जवळ आली की यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते आणि कमिटीतली दोन-तीन जाणती माणसं कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या तालमी फिरतात. बोलणं पैलवानापेक्षा वस्तादाशीच जास्त होतं. पैशाचं ठरलं की वस्ताद विचारतो, "समोर कोण?" सगळी मेख या दोन शब्दांत आहे. कमिटी एक नाव सांगते. वस्ताद क्षणभर गप्प बसतो आणि म्हणतो, "त्यो नगो. दुसरा बघा की." कारण काहीही असू शकतं. पैलवानाचा गुडघा दुखत असेल, समोरच्याचं वजन जास्त असेल, दोन तालमींचं आपसात बरं नसेल किंवा खरोखरच धोका वाटत असेल. कमिटी दुसरं नाव काढते. ते जुळतं आणि हॅण्डबिल छापायला जातं. लोकांना दिसतं ते हॅण्डबिल. ज्या नावाला 'नगो' म्हटलं गेलं ते नाव तालमीच्या त्या खोलीतच राहतं.

त्या हॅण्डबिलावर ठळक अक्षरांत आणखी एक शब्द असतो, 'निकाली'. 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान'. मला या शब्दाची नेहमी गंमत वाटत आली आहे. 'आमच्या खाणावळीत ताजे जेवण मिळेल' अशी पाटी दिसली की शिळ्याची शंका येते, तसंच हे. कुस्ती निकाली होणार हे वेगळं छापावं लागतं, याचा अर्थ बिननिकाली कुस्त्यांचा लोकांना वीट आला आहे. अर्धा अर्धा तास नुसती खडाखडी चालते. कुणी पट काढत नाही, कुणी हात आत घालू देत नाही. कडेला बसलेली म्हातारी माणसं "लावा की कुस्ती!" म्हणून ओरडतात आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवून मोकळे होतात. दोघांचेही पैसे ठरलेले, दोघांच्याही पाठी कोऱ्या. हीसुद्धा टाळाटाळच आहे. फरक इतकाच की ही हौद्याच्या आत, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत होते. मुळातच संगनमत असेल तर लोक तिला 'नुरा कुस्ती' म्हणतात. तो प्रकार वेगळा, त्यात मी शिरत नाही.

या दोन्ही टाळाटाळी एकाच माणसाच्या चरित्रात सापडतात, त्या थोरल्या गामाच्या. १९१० साली गामा लंडनला गेला, तेव्हा उंची कमी म्हणून त्याला तिथल्या स्पर्धेत घेईनात. त्यानं उघड आव्हान दिलं, जो येईल त्याच्याशी लढतो. अमेरिकेचा रोलर आला आणि हरला. मग १० सप्टेंबर १९१० ला पोलंडचा नामांकित मल्ल झिबिस्को समोर आला. तो लवकरच खाली गेला आणि पोटावर पडून राहिला. दोन तासांहून अधिक वेळ त्यानं पाठ फिरू दिली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी, १७ सप्टेंबरला पुन्हा लढायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही. गामा विजयी ठरला. त्या काळचे पाश्चात्त्य जगज्जेते, अमेरिकेचा फ्रँक गॉच वगैरे, गामाच्या आव्हानाला उतरलेच नाहीत. गॉचला गामाशी लढून मिळण्यासारखं काय होतं? जिंकला असता तर लोक म्हणाले असते, हिंदुस्थानातल्या कुणा बुटक्या पैलवानाला हरवलं. हरला असता तर सगळंच गेलं असतं.

गोष्ट इथं संपत नाही. गामा परत आला तेव्हा त्याच्यापुढं एक जुनं देणं होतं. रहीम सुलतानीवाला. उंचापुरा, वयानं मोठा. गामाच्या त्याच्याशी झालेल्या आधीच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या. लंडन गाजवून आल्यावर गामा म्हणू शकला असता, आता रहीमची काय गरज? तसं न करता अलाहाबादला दोघांची पुन्हा कुस्ती झाली, गामा जिंकला आणि मगच त्याच्या थोरवीबद्दल देशात कुणी शंका घेतली नाही. आणि ज्या झिबिस्कोनं १९१० मध्ये पाठ फिरवली, तो १९२८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, पतियाळाला आला आणि मिनिटभराच्या आत चीत झाला. मला या हरलेल्या झिबिस्कोबद्दल आदर वाटतो. अठरा वर्षांनी का होईना, राहिलेली कुस्ती त्यानं पुरी केली.

गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष कोल्हापूरकरांच्या परिचयाचा. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं, तेव्हा पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली. नव्या मैदानाची सुरुवात राजानं आपल्याच पदरच्या मल्लाला सोपा विजय देऊन केली नाही, उत्तरेतले दोन बलाढ्य मल्ल समोरासमोर उभे केले. पुढच्या काळात त्याच खासबागेत सादिक, गोगा यांच्यासारखे पाकिस्तानी मल्ल येत राहिले आणि आपल्या गणपतराव आंदळकरांसारख्यांनी त्यांच्याशी हात मिळवले. 'समोर कोण' याला त्या मैदानानं 'जो सगळ्यांत तगडा असेल तो' असं उत्तर देऊन ठेवलं होतं.

आमच्या सीमाभागाचं उदाहरण तर याहून जवळचं. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा हे श्रीपती खंचनाळे यांचं गाव. जन्म १९३४ चा, कसरत कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीतली. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेत त्यांचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं. त्यामुळे खंचनाळे कुणाचे, हा प्रश्न निघाला की दोन्हीकडची माणसं 'आमचे' म्हणतात आणि दोघंही बरोबर असतात. डिसेंबर २०२० मध्ये ते कोल्हापुरात वारले तेव्हा घाटाच्या वरची आणि सीमेच्या अलीकडची-पलीकडची सगळीच कुस्तीशौकीन मंडळी हळहळली.

आणि खुद्द बेळगाव. (कागदोपत्री २०१४ पासून बेळगावी, बोलण्यात बेळगावच.) १९७७ साली इथं हरिश्चंद्र बिराजदार आणि दिल्लीचा सत्पाल यांची कुस्ती झाली. बिराजदार लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे, १९६९ चे महाराष्ट्र केसरी. सत्पाल त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, अंगानं आडदांड आणि ऐन उमेदीत. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं, यावरून त्याची तयारी काय असेल ते समजावं. किताब मिळवून आठ वर्षं झालेल्या मल्लानं अशा तरुणाला सामोरं जायची काही सक्ती नव्हती. बिराजदार गेले आणि त्यांनी सत्पालला अस्मान दाखवलं. बेळगावची जुनी माणसं आजही ही कुस्ती हातवारे करून सांगतात. ते हरले असते तरी सांगितली असती, असं मला वाटतं. लोकांच्या लक्षात निकाल राहतो हे खरं, पण त्याआधी कुस्ती लागावी लागते. न लागलेल्या कुस्तीची कुणी आठवण सांगत नाही, तिच्यावर फक्त वाद होतो.

इथं जरा मातीतून उठून मुष्टियुद्धाच्या रिंगणात जाऊ, कारण हा वाद तिथं शंभर वर्षं इमानेइतबारे चालू आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसनं रिडिक बोला हरवलं. १९९२ मध्ये बो व्यावसायिक जगज्जेता झाला, तेव्हा एका संघटनेनं त्याला लुईसशी लढायला सांगितलं. बोनं त्या संघटनेचा पट्टा पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला! लुईसशी तो व्यावसायिक रिंगणात कधीच लढला नाही. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव यांच्या लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली, लढत झाली मे २०१५ मध्ये, एक अडतीस वर्षांचा आणि दुसरा छत्तीसचा झाल्यावर. मेवेदर गुणांवर जिंकला, पैसा अमाप मिळाला, पण रसिकांना हवी होती ती पाच-सहा वर्षांपूर्वीची लढत. ती कुठल्याच पैशानं परत येणार नव्हती.

सगळ्यांत बोलकी कथा जॅक जॉन्सनची. तो काळा म्हणून गोरे जगज्जेते त्याला टाळत होते. तो टॉमी बर्न्सच्या मागं लागत लागत ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीला त्याला हरवून पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. आता तरी दार उघडेल असं इतर काळ्या मुष्टियोद्ध्यांना वाटलं असणार. त्यांतला सॅम लँगफर्ड सगळ्यांत धोक्याचा. जॉन्सननं १९०६ मध्ये, लँगफर्ड अंगानं लहान असताना, त्याला हरवलं होतं. जगज्जेता झाल्यावर मात्र त्यानं लँगफर्डला एकदाही संधी दिली नाही. ज्यानं टाळलं जाण्याचं दुःख भोगलं, त्यानंच गादीवर बसल्यावर दुसऱ्याला टाळलं. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढून पैसा जास्त मिळे आणि धोका कमी, असा हिशेब होता. लँगफर्ड आयुष्यात कधी हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू शकला नाही. जाणकार मात्र आजही त्याला सर्वकाळच्या थोरांत गणतात.

या लँगफर्डला मी सीमाभागात शोधतो, तेव्हा मला मैदानाच्या कडेला बसलेला एक पोरगा दिसतो. नाव कुणाला माहीत नाही. गाव आडबाजूचं, तालीम लहान. कन्नडमध्ये जिला 'गरडी मने' म्हणतात तसली, चार भिंतींची आणि एका हौद्याची. वस्ताद मोठ्या नावाचा नाही. पण पोरगा तयार आहे. मान खांद्यात रुतलेली, पकड एकदा बसली की सुटत नाही. असा पोरगा नामांकित पैलवानाला नको असतो. त्याला हरवून नाव होत नाही, मानधन वाढत नाही. त्याच्याकडून हरलं तर मात्र पुढच्या जत्रेपर्यंत ती बातमी प्रत्येक गावात आपल्याआधी पोचलेली असते. धोक्याचा प्रतिस्पर्धी म्हणतात तो हाच. दोन मोठी नावं एकमेकांना फार काळ टाळू शकत नाहीत, कारण गर्दी त्यांच्यासाठी पैसे मोजायला तयार असते. या पोरासाठी कुणी पैसे मोजत नाही.

गंमत म्हणजे त्याच मैदानावर दुपारी काय चाललेलं असतं ते पाहा. लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. लंगोट लावून पोरं रांगेनं बसतात. पंच दोघांना उभं करतो, उंची-अंग बघतो आणि लावतो कुस्ती. नारळ, रेवड्या, थोडेफार पैसे. तिथं वस्तादाचं 'त्यो नगो' चालत नाही. समोर आला त्याच्याशी भिडायचं. हरलं तर अंगाची माती झाडून पुन्हा रांगेत बसायचं. ऊन उतरतं तसे आकडे वाढत जातात आणि जसजसे आकडे वाढतात तसतशी निवड सुरू होते. पूर्वी जत्रेत नामांकित मल्ल हौद्याभोवती फेरी मारून शड्डू ठोकायचा आणि कुणीही पुढं यावं असा त्याचा अर्थ असायचा. आता शड्डू उरला आहे, पण त्याला उत्तर द्यायला उठायची सोय राहिलेली नाही, कारण जोड्या महिनाभर आधी छापून झालेल्या असतात.

आता पैलवानाची बाजू. ती मांडल्याशिवाय त्याच्यावर आरोप करणं मला पटत नाही. कडेला बसून "भ्याला!" म्हणणं फार सोपं असतं. मी सरकारी नोकर. अवघड फाईल आपल्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर कशी सरकवायची, ही कला मी वीस वर्षं जवळून पाहतो आहे. त्या कलेत निपुण असलेल्यांना कुणी भित्रा म्हणत नाही, उलट बढती मिळते. पैलवानाचं तसं नाही. दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोजचा. कमाई फक्त हंगामाची. घरच्यांनी शेताच्या तुकड्यावर कर्ज काढून पोराला तालमीत ठेवलेलं असतं. गुडघा किंवा खांदा गेला की तिशीतच सगळं संपतं, मागे पेन्शन नाही. हरला की पुढच्या बोलणीत कमिटी आकडा खाली आणते. थोडक्यात, आपण त्याला पैसे देतो ते न हरल्याबद्दल. मग तो न हरण्याची काळजी घेतो, यात नवल काय?

वस्तादाचंही तसंच. एकोणीस-वीस वर्षांच्या पठ्ठ्याला तयारी पुरी होण्याआधी मुरलेल्या मल्लासमोर सोडणं हा अविचार आहे. 'अजून दोन वर्षं थांब' म्हणणारा वस्ताद त्याला वाचवत असतो. एक वाईट हार उमद्या पोराचा जीव कायमचा खचवते, हे तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा. अशा थांबण्याला मी टाळाटाळ म्हणणार नाही.

पण ही सवलत चढणाऱ्यासाठी आहे, चढून बसलेल्यासाठी नाही. माझी रेघ मी इथं ओढतो. जोवर तुमच्या नावामागं किताब नाही, तोवर कुणाशी लढायचं हा तुमचा आणि तुमच्या वस्तादाचा प्रश्न. एकदा नावामागं 'केसरी' लागलं की तो प्रश्न तुमच्या एकट्याचा राहत नाही. तो शब्द म्हणजे 'या मुलखात माझ्याहून वरचढ कुणी नाही' असा दावा असतो. दावा केला की तो तपासू द्यावा लागतो. अमुक एकजण सोडून मी सगळ्यांहून वरचढ, अशी गदा नसते.

या बाबतीत दोष एकट्या पैलवानाचा क्वचितच असतो. संघटना फुटल्या की पैलवानांना न भिडता मोठं होण्याची आयती सोय होते. मुष्टियुद्धात आज चार मोठ्या संघटना आणि त्यांचे चार पट्टे आहेत, म्हणजे एका वजनात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात. आपणही मागं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन गटांनी दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवल्या. फुलगावला सिकंदर शेख जिंकला आणि धाराशिवला शिवराज राक्षे. शिवराजबद्दल इतकं म्हणायलाच हवं की तो फुलगावलाही उतरला होता आणि तिथं सिकंदरकडूनच अंतिम कुस्ती हरला होता. म्हणजे पैलवानांनी टाळलं नाही, भिडले. पण एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले आणि त्या शब्दाचं वजन तेवढं उतरलं.

२०१६ चं प्रकरणही आठवत असेल. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवनं २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा आणली. सुशीलकुमार, म्हणजे त्याच सत्पालचा शिष्य आणि जावई, म्हणाला की आमची निवडचाचणी घ्या. महासंघानं नकार दिला, दिल्ली उच्च न्यायालयानंही जूनमध्ये त्याची याचिका फेटाळली. नंतर नरसिंग उत्तेजक चाचणीत अडकला, आपल्याविरुद्ध कट झाल्याचं सांगत राहिला आणि शेवटी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. नरसिंगनं सुशीलला टाळलं असं मी म्हणणार नाही. जागा त्यानं स्वतः मिळवली होती आणि नियम त्याच्या बाजूनं होते. तरीही मातीत किंवा मॅटवर सहा मिनिटांत मिटलं असतं ते भांडण कोर्टात गेलं आणि कुणाचंच भलं झालं नाही.

याच्या उलट उदाहरण मेरी कोमचं. २०१९ मध्ये तरुण निखत झरीननं ५१ किलो गटात उघड निवडचाचणी मागितली, क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं. मेरी कोम चिडली, पण डिसेंबरमध्ये चाचणी झाली आणि मेरीनं ती ९-१ अशी सहज जिंकली. तिची नाराजी लपली नाही, लढतीनंतर तिनं हातही मिळवला नाही. पण प्रश्न सुटला. निखत पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये जगज्जेती झाली. त्या हरण्यानं तिचं काही बिघडलं नाही. दार बंद राहिलं असतं तर मात्र दोघींच्याही नावाला 'पण' चिकटला असता.

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक फोडणी असते, ती राज्याची. निवेदक मराठीतून सुरुवात करतो, मध्येच कन्नडमध्ये शिरतो, आणि हॅण्डबिलावर एकाच्या नावामागं 'कर्नाटक केसरी', दुसऱ्याच्या नावामागं 'महाराष्ट्र केसरी' छापलेलं असतं. असं छापलं की गर्दी होते. पण मग पैलवानाची पाठ म्हणजे राज्याची पाठ होऊन बसते. हरणाऱ्याच्या बाजूला वाईट वाटू नये म्हणून बरोबरी सोयीची वाटायला लागते. खंचनाळ्यांचं गाव कुठल्या राज्यात आहे याचा बंतासिंगाला चीत करताना काही संबंध नव्हता. पोरगं एकसंब्याचं, तालीम कोल्हापूरची, कुस्ती दिल्लीची. ही मोकळीक आपल्या मैदानांनी सोडू नये.

नुसतं मत देऊन थांबण्यापेक्षा एक साधी सूचना करतो. प्रत्येक मोठ्या मैदानानं एक नियम हॅण्डबिलावरच छापावा. यंदा तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती चीतपट जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीत उभं राहण्याचा हक्क. समोर यंदाचा पहिल्या क्रमांकाचा विजेता. तो आला नाही तर त्याचं नाव छापून पुढे 'गैरहजर' असं लिहावं, बाकी काही बोलू नये. आणि हरणाऱ्या मोठ्या मल्लाचं मानधन पुढच्या वर्षी कमी करू नये. पहिल्या अटीशिवाय बिननावाच्या पोराला दार उघडणार नाही आणि दुसरीशिवाय नामांकित मल्ल त्या दारात उभा राहणार नाही. आनंदवाडीच्या आखाड्यानं, कंग्राळी, मुचंडी, सांबऱ्याच्या मैदानांनी हे करून पाहायला हरकत नाही. वर्गणी तितकीच लागेल.

राहिला प्रश्न आपला, कडेला बसणाऱ्यांचा. हरलेल्या मल्लाला हौद्यातून बाहेर येताना आपण काय देतो? बहुतेक वेळा पाठ. सगळे विजेत्याला खांद्यावर घ्यायला धावतात. चांगला लढून हरलेल्याच्या हातात कुणी नोट ठेवली, कुणी त्याच्या अंगावरची माती झटकली, तर पुढच्या खेपेला त्याचा वस्ताद 'त्यो नगो' म्हणण्याआधी दोनदा विचार करील. आपण हरण्याची किंमत एवढी वाढवून ठेवली आहे की शहाणा माणूस ती मोजणार नाही. आधी ती कमी करू, मग खुशाल म्हणू, "टाळतोय त्यो."